वर टांगलेला फेटिया

बावीस वर्षं मी वाकळा शिवते आणि गावोगावच्या प्रदर्शनांत नेऊन विकते. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या मिरजेकडं वाकळ म्हणतात. या धंद्यातला पहिला धडा मला सासूबाईंनी दिला होता. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, म्हटलं की दिवस आटतो. एखादी वस्तू विकायची नसेल, नुसती शोभेला टांगली असेल, तरी तसं सांगायचं नाही. अशी किंमत सांगायची की माणूस हसून पुढं जाईल. सासूबाईंच्या हातची एक वाकळ मी प्रत्येक स्टॉलवर मागच्या दोरीला लावते. तिची किंमत आजवर दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत सांगून झाली आहे आणि वाकळ अजून माझ्याकडंच आहे. प्रदर्शनात फिरणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांची हीच रीत.

यवतमाळ जिल्ह्यात गेले ते हे शहाणपण सोबत घेऊन. परत आल्यापासून जो तो विचारतो, तिकडं विक्री कशी झाली? विक्री झाली. जी व्हायला नको होती तीही झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

दिग्रस

मिरजेहून दिग्रसला पोचायला दोन रात्री आणि तीन गाड्या लागल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उतरले तेव्हा थंडी बोचत होती आणि कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दिशेनं रांगेत उभ्या होत्या. उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना आणि विजेच्या तारांना चिकटलेला. टपरीवर पोहे मागितले तर त्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतून दिली. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

टपरीवाला म्हणाला, "पाहुण्या दिसता. दुसरे देऊ का, बिनतर्रीचे?"

"असू द्या," म्हणाले आणि बशी चाटूनपुसून साफ केली. माघार घ्यायची मला सवय नाही, हे इथंच सांगून ठेवते.

प्रदर्शन बाजारालगतच्या मैदानात होतं. बचतगटाच्या बायकांचे चाळीसेक स्टॉल. पापड-लोणची, बांबूच्या टोपल्या, मातीचे दिवे. माझ्या शेजारी सुगंधा राठोड. वय पस्तिशीच्या आसपास, दिग्रसपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावरची. तिचे पणजे बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहायचे, आता सगळा तांडा शेतीवर. तिच्या टेबलावर आरसे आणि कवड्या लावलेले बटवे, मोबाइलच्या पिशव्या, दाराची तोरणं होती. टेबलामागं सतरंजीवर तिची आई बसलेली. आईला ते लोक 'याडी' म्हणतात, म्हणून सगळ्या मैदानभर ती याडीच झाली. अंगावर विरलेला घागरा, आरशांची चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले.

आणि तिच्या डोक्यावर, दोरीला, एक नवाकोरा घागरा टांगलेला. ते लोक त्याला फेटिया म्हणतात. लाल कापडावर बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी नाही इतकं भरतकाम, कमरेच्या पट्ट्याला कवड्यांची रांग, आणि घेरात शेकडो आरसे. ऊन आत आलं की मांडवाच्या छताला ठिपके उठायचे. मी बावीस वर्षांत बक्कळ कामं पाहिली. हे पाहिलं आणि माझ्या वाकळांची मला लाज वाटली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"याडीनं," सुगंधा म्हणाली. "नऊ वर्षं लागले तिले. तवा दिसत होतं. येतच नोती म्हणे प्रदर्शनात, मीच आणलं तिले. हा वर टांगला तरच लोक थांबतात व ताई. नाईतर माह्या बटव्याइकडे कोण पाह्यते?"

लोक थांबत होतेच. थांबायचे, फेटियाला हात लावायचे, मग म्हातारीच्या शेजारी वाकून मोबाइलवर फोटो काढायचे. एका मुलीनं तर तिची बांगड्यांची मनगटं स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतली. फोटो झाला की पुढच्या स्टॉलवर. बटवा एखादाच खपायचा. याडीला फोटोचं काही नव्हतं. पण कुणी फेटियाला हात लावला की तिला न पाहताच कळायचं. तिचा हात वर जायचा आणि कापडाची खालची कड चाचपून खाली यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडीला मोरीला जायचं होतं. ती सोय मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चार पायऱ्या चढून. म्हातारीला नेऊन आणायचं म्हणजे अर्धा तास.

सुगंधा मला म्हणाली, "ताई, जरा पाह्यजा. काईबी इका, फक्त वरचा फेटिया नाई."

"जा गं निर्धास्त," मी म्हणाले. शेजारणीचा स्टॉल सांभाळायचा तर आपला समजून सांभाळायचा, हीही आमची रीत. मी तीन बटवे विकले आणि एक तोरण. जीव लावून विकले.

मग एक बाई आल्या. चाळिशीच्या, चष्मा, जाड सुती साडी, बोलायला मऊ. मागं गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत उभा. त्यांनी बटव्यांकडं पाहिलंच नाही. बराच वेळ मान वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा केवढ्याला?"

माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "अठरा हजार."

मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत होते. त्या हसल्या नाहीत. पर्समधून फोन काढला, टेबलावरच्या पैसे भरायच्या चौकोनी ठशासमोर धरला आणि सुगंधाच्या छोट्या बोलक्या डब्यातून आवाज आला की अठरा हजार रुपये मिळाले. बाई म्हणाल्या, "याला ही किंमत कमीच आहे. पण जरा लवकर द्या, आज वणीला भावाकडं पोचायचंय."

त्या क्षणी मला 'नाही' म्हणता आलं असतं. गैरसमज झाला, पैसे परत घ्या, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. काहून म्हणाले नाही, असं सुगंधानं मला नंतर विचारलं, आणि मी तिला सांगितलं ते अर्धंच खरं होतं. किंमत सांगून फिरवायची नाही, हा नियम डोक्यात होता हे खरं. पण त्याच्या जोडीला मला आनंद झाला होता. अठरा हजार! तीनशेच्या बटव्यांसाठी दिवसभर घसा सुकवणाऱ्या पोरीचं मी एका शब्दात भलं केलं, असं वाटलं. शोभेची वस्तू आहे, दुसरी शिवतील. मीच स्टुलावर चढले, मीच गाठी सोडल्या, आणि कागदात गुंडाळून माझ्या हातांनी दिला.

एवढं करून वर मी त्या दोघींची वाट पाहत हसत उभी होते. याची शरम अजून जात नाही.

सुगंधानं लांबूनच रिकामी दोरी पाहिली. मी आकडा सांगितला. खोटं कशाला बोलू, तिच्या तोंडावर क्षणभर उजेड आला, आणि लगेच तिनं आईकडं पाहिलं. याडी सतरंजीवर बसली. सवयीनं हात वर गेला. हाताला कड लागली नाही. ती आणखी उंच चाचपत राहिली, डावीकडं, उजवीकडं. मग सुगंधानं तिच्या कानात त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं.

याडीनं माझ्या आवाजाच्या अंदाजानं तोंड फिरवलं. "माहं मरण इकलं का व तू?"

मला कळलं नाही. सुगंधानं मान खाली घालून सांगितलं. "थो तिच्या मरणाचा व्हता, ताई. आमच्या घरच्या बायका आपला आपण शिवून ठेवतात. जिवंतपणी घालत नाई. शेवटी त्याच्यातच न्या लागते."

मी फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर कापसाच्या गाड्या होत्या, बाकी काही नव्हतं. पैसे आले त्यासोबत नुसतं एक नाव आलं होतं, फोन नंबर नव्हता. हाताशी एकच दुवा होता, बाई वणीला गेल्या होत्या. आमचं पुढचं प्रदर्शन तिथंच, तीन दिवसांनी.

तांडा

मधल्या दिवसांत कुठं राहायचं हा प्रश्न होता. मी लॉज बघते म्हणाले. याडीनंच सुगंधाला सांगितलं, हिला घरी घे. शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. त्यांनी मला खाटेवर झोपवलं आणि त्या दोघी खाली झोपल्या.

तांडा म्हणजे माळावरची पन्नासेक घरं, चहूबाजूला कापूस आणि तूर. रात्री चुलीवर तुरीच्या शेंगा उकडल्या. मीठ घातलेल्या गरम शेंगा, सोलायच्या आणि खायच्या. ज्वारीच्या भाकरीला ते बाटी म्हणतात; आमच्यापेक्षा जाड, मधे जरा ओलसर. आमच्याकडं पाहुण्याला आधी वाढून घरचे मागून जेवतात. इथं याडी माझ्याबरोबर बसली आणि मी किती खाल्लं हे माझ्या टरफलांच्या ढिगावर हात ठेवून तपासत होती.

"शिवी दे ना गं, काहीतरी बोल," असं मला म्हणायचं होतं. धीर झाला नाही.

तिनंच विचारलं, "तुह्या सासूची वाकळ हाय म्हणे तुह्याकडे. थे इकली काय?"

"नाही," मी म्हणाले.

"हाव," म्हणजे हो, एवढंच म्हणून तिनं आणखी एक शेंग सोलली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

सुगंधा मला दाराबाहेर म्हणाली, "मीच नेला ना थो प्रदर्शनात. याडी कोनी म्हणत होती, मी आयकलं नाई. तुमची येकलीची चूक नाई." कोनी म्हणजे नाही. तिचं हे बोलणं मला आधाराचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वणी

वणीला कोळसा आहे हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं गेल्यावर कळलं की तो खाणीत राहत नाही. ट्रकमागून ट्रक जातात आणि रस्त्याकडेची झाडं, छपरं, दुकानांच्या पाट्या, सगळं एका रंगाचं. मी स्टॉलवर पुढच्या बाजूला माझी सर्वांत पांढरी वाकळ लावली, मोठ्या झोकात. संध्याकाळी ती कुणीतरी तिनं चूल पुसल्यासारखी झाली होती. शेजारचा बांबूवाला, मुकुटबनकडचा, गालात हसत म्हणाला, "पांढरं कायले आनलं बाई? इथी पांढरा कावळाबी घंट्याभरात काळा होते." झटकायला गेले तर काळं आणखी आत बसलं. एरवी मी त्या वाकळेसाठी आख्खं मैदान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी घडी करून ठेवून दिली.

सुगंधा आईला घरी ठेवून आली होती. पहिला दिवस आम्ही येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघण्यात घालवला. त्यांचा भाऊ खाणीत असेल म्हणून मी खाण वसाहतीच्या फाटकावर जाऊन चौकशी केली. नुसत्या नावावर कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी आशा सोडली.

चारच्या सुमाराला मागून मऊ आवाज आला. "अय्या, तुम्ही इथं पण?"

त्या बाई खुशीत होत्या. अंगात बिनबाह्यांचं जाकीट होतं. लाल. आम्हाला नीट दिसावं म्हणून त्यांनी स्वतःभोवती गिरकी घेतली आणि पाठ आमच्याकडं केली. पाठभर आरसे होते. "भावाकडच्या टेलरनं दोन दिवसांत शिवून दिलं. उरलेल्याच्या पिशव्या झाल्या, मैत्रिणींना काल कुरिअरनं पाठवल्या. सगळ्या वेड्या होतील बघून."

सुगंधा उठली. तिनं बाईंच्या पाठीवर तळहात टेकला आणि तिथंच ठेवला. बाईंना वाटलं ती कौतुक करते आहे, म्हणून त्या हसत स्थिर उभ्या राहिल्या. मी पुढं होऊन सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, किंमत का सांगितली तेसुद्धा.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिथंच, माणसांत, जाकीट उतरवलं. "मला कुणी सांगितलं असतं तर मी हातसुद्धा लावला नसता हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, रागानं नाही, विचारल्यासारखं म्हणाल्या, "तुम्ही साधं 'नाही' का म्हणाला नाहीत?" पैसे परत घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. चिडायला त्यांनी काही जागाच ठेवली नाही.

पुन्हा तांडा

परतीचं तिकीट पुढं ढकलून मी सुगंधाबरोबर पुन्हा दिग्रसच्या वाटेला लागले. रस्ताभर मनात एकच हिशोब. वाकळवाली मी, तुकडे जोडून आख्खं करणं हाच माझा धंदा. जाकीट उसवीन, लाल कापड घेईन, पट्टे जोडीन. पूर्वीसारखा नाही होणार, पण घागरा होईल. गाडीतून उतरेपर्यंत मला पुरतं पटलं होतं की मी हे निस्तरणार.

याडी ओट्यावर उन्हाला बसली होती. मी जाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं सावकाश फिरली. आरसे ओळखीचे लागले तशी ती जरा हलली. मग बोटं काखेच्या जागी आली, तिथं कापड गोल कापलेलं होतं. एका बाजूनं हात आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला.

"भोकं पाडले," ती म्हणाली. मग जाकीट पुन्हा चाचपत, "मेलेल्या बाईले जाकीट कायले?"

मी जोडून देण्याचं सांगितलं. माझं सगळं गणित सांगितलं, हात जोडून. तिनं ऐकून घेतलं.

"तुह्या हाताचं चांगलंच होईन बाई. पन थे तुह्या हाताचं व्हईन. वर जाऊन माह्या याडीले काय सांगू, कोनं शिवलं?"

मला रडू आलं आणि मी रडले. तिनं रडू दिलं. मग सुगंधाला सांगून पेटीतून लाल कापड काढायला लावलं, नवं, घडीचं. कमरेच्या पट्ट्याएवढा तुकडा फाडून घेतला, अंगठ्यानं कड मोजली, आणि सुई मागितली. मोती उतरलेल्या डोळ्यांनी नऊ वर्षांचं काम ती पहिल्यापासून सुरू करणार होती. सुगंधा म्हणाली, "याडी, होनार हाय काय आता थे?"

पहिली सुई सुगंधानं ओवून दिली. टाका याडीला बोटांनी घालता येत होता. पहिला थोडा तिरका गेला. तिनं नखानं चाचपून उसवला आणि पुन्हा घातला. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तो दोरा सरल्यावर सुईच्या नाकात नवा जाईना. तीनदा ओठांत धरून ओला केला, तीनदा बाजूला गेला. सुगंधा पहाटे कापूस वेचायला गेली की अंधार पडल्यावर येणार, घरात दिवसभर दुसरं कुणी नाही.

"इतकं करून दे मले," याडी म्हणाली.

सुगंधाकडं पंचवीस सुयांचं नवं पाकीट होतं. मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले आणि एकेक ओवत गेले. प्रत्येकीत दीड हात दोरा, शेवटी गाठ, आणि टॉवेलच्या कडेला ओळीनं टोचून ठेवायची. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा; रंग कुठून सुरू होतो हे तिला कळावं म्हणून दर रंगानंतर एक कवडी. पंचवीस झाल्या. आणखी ओवल्या असत्या, सुया नव्हत्या. दिग्रसहून आणखी पाकिटं आणते म्हणाले तर याडीनं माझं मनगट धरलं.

"बस झाल्या. गाडी चुकंन तुही."

मिरज

घरी आल्यावर पहिल्यांदा सासूबाईंची वाकळ स्टॉलच्या सामानातून काढून कपाटात ठेवली. नंतरच्या प्रदर्शनात एका गिऱ्हाइकानं माझ्या अंगावरच्या पांघरुणाची किंमत विचारली. मी 'विकायचं नाही' म्हणाले. जीभ जड झाली होती, पण म्हणाले. तो माणूस बरं म्हणून पुढं गेला. इतकं सोपं होतं ते.

सुगंधाचा चार-आठ दिवसांनी फोन यायचा. आधी इकडची थंडी, तिकडचा कापूस, मग आकडा. "याडीच्या पाच सुया झाल्या, ताई." "नऊ झाल्या." मी विचारायची, काम कसं दिसतंय? ती म्हणायची, "वाकडं जाते, मंग उसवते. पन करून राह्यली." मी कुरिअरनं चार पाकिटं ओवून पाठवू का, असं विचारलं. याडीनं निरोप दिला, आधी हे सरू दे.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी फोन आला. सुगंधा आधी थंडी-कापसाचं काही बोलली नाही.

"काल दुपारी ओट्यावरच बसली होती," ती म्हणाली. "पट्टाच झालता फक्त. बाजारातून साडी आनली, लाल. त्याच्यावरून पट्टा बांधला कमरेले. येका टोकाले टाका अर्धा व्हता, सुई तशीच लोंबत होती. म्या दोरा तोडला."

"किती झाल्या होत्या?" मी विचारलं.

"सोळा."

नऊ सुया टॉवेलला तशाच टोचलेल्या आहेत, दोऱ्यासकट. त्यांचं काय करू, असं तिनं मला विचारलं. मी फोन कानाला धरून राहिले, आणि तिनंही ठेवला नाही.